टेबलावरचा लिलाव

गंगुबाईंनी मला आजवर एकदाही सुरमई स्वस्तात दिलेली नाही, तरी मी मासळी त्यांच्याकडूनच घेते. दुसरीकडे घेतली तर त्या भर रस्त्यात पिशवीत डोकावून जाब विचारतात. इस्पितळात दिवसभर मी डॉक्टरांना पुरून उरते, पण गंगुबाईंपुढे माझं काही चालत नाही. मी रत्नागिरीतल्या एका खाजगी इस्पितळात हृदयविभागाची सिस्टर आहे, आणि त्या मिरकरवाडा बंदरावर लिलावात मासळी घेऊन बाजारात विकतात. त्यांचा नवरा लवकर गेला. मुलगी ईशा तेव्हा शाळेतही जात नव्हती. तिला त्यांनी या लिलावाच्या जोरावर शिकवलं.

त्यांचा लिलाव बघण्यासारखा असतो. पदर खोचलेला, एक हात कमरेवर, आणि पुकारणाऱ्याने तोंड उघडायच्या आत यांची बोली तयार. समोर सखू, तीही मासळी विकणारीच. सखू त्यांच्याच वयाची, त्यांच्याइतकीच हट्टी. या दोघींची जुंपली की खलाशांच्या हातातला चहा गार होतो. एकमेकींच्या घरी मात्र गणपतीला न चुकता जातात.

गंगुबाईंची एक खोड होती. सखूने दर वाढवला की कधीकधी त्या मध्येच खाली वाकायच्या आणि बर्फाच्या पेटीत तोंड खुपसायच्या. जरा वेळाने तोंड वर काढून पदराने पुसायच्या. बंदरावर याचा अर्थ ठरून गेला होता: गंगुबाई वासावरून माल ओळखतात. त्यांनी तोंड खुपसलं म्हणजे माल झकास, असं समजून बाकीचे आणखी दर चढवायचे आणि पाटी घेऊन जायचे. सखूनेही एकदोनदा पेटीत तोंड घालून पाहिलं. तिला सर्दी तेवढी झाली.

खरी गोष्ट मला पुढे कळली, ती अशी की गंगुबाईंना त्या वेळी बोलताच येत नसे. छाती एकाएकी धडधडायला लागायची, ठोके गळ्यापर्यंत यायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा घामाने निथळलेलं तोंड त्यांनी बर्फाच्या पाण्यात बुडवलं आणि धडधड जागच्या जागी थांबली. तेव्हापासून हेच औषध. सांगितलं असतं तर ईशाने लिलाव बंद करायला लावला असता, म्हणून कुणालाच सांगितलं नाही.

यात जादू काही नाही. मेंदूपासून एक नस छातीत उतरते आणि हृदयाला आवर घालते. चेहऱ्यावर गार पाणी आलं की ती जागी होते, ठोके खाली आणते, आणि काही जातीची धडधड तेवढ्याने थांबतेही. पण सगळी नव्हे. हे वाचून कुणी बर्फात तोंड घालून घरी बसलं तर माझ्याशी गाठ आहे.

एका सकाळी बर्फाने काम केलं नाही. गंगुबाईंनी दोनदा तोंड बुडवलं, आणि मग त्या पेटीला टेकून खालीच बसल्या. मी त्या दिवशी बंदरावरच मासळी घ्यायला आले होते. नाडी पाहिली तर मोजता येईना. रिक्षात घालून इस्पितळात नेलं, शिरेतून औषध दिलं, तेव्हा ठोके जाग्यावर आले.

महिन्यातून एकदा कोल्हापूरहून येणारे डॉक्टर विनीत यांनी कागदावर रेघा काढून समजावलं. हृदयातल्या विजेच्या वाटेला यांच्यात एक जादा फाटा आहे. वीज त्यात शिरली की गरगर फिरत राहते. मांडीतल्या शिरेतून तार नेऊन तो फाटा जाळता येईल. मात्र मुख्य वाट त्याला अगदी खेटून आहे. तिला धक्का लागला तर छातीत कायमचं यंत्र बसवावं लागेल. हे ऐकून ईशाच्या डोळ्यांत पाणी आलं. आई, गोळ्या घे आणि लिलाव सोड, असं ती पुन्हा पुन्हा सांगू लागली.

गंगुबाई तिला म्हणाल्या, "लिलावाला उभी राहायची नसेन, तर मला बरी कशाला करताय?"

तार घालायच्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर त्या जाग्याच होत्या. मांडीपाशी तेवढं बधिर केलं होतं. डॉक्टरांना आधी धडधड सुरू करायची होती. ती दिसल्याशिवाय नेमकं कुठे जाळायचं हे पक्कं कळत नव्हतं. तारेतून हलके ठोके दिले. काही नाही. मग, राग आला की अंगात आपोआप जे उसळतं, तशाच जातीचं औषध शिरेतून सोडलं. नाडी वाढली, पण धडधडीचा पत्ता नाही. गंगुबाई छताकडे बघत निवांत पडून होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, हे दुखणं नेमकं कधी येतं?"

"सखूनं दर वाढवलान की."

सखू कोण, ते मी सांगितलं. डॉक्टर हसले, मग म्हणाले, "डोळे मिटा आणि लिलाव करा. मोठ्याने."

गंगुबाईंना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पुकारणाऱ्याची हाक त्याच देत होत्या, सखूची बोलीही त्याच, आणि तिच्यावरची आपलीही. आमच्या थंडगार कॅथ लॅबमध्ये, म्हणजे तार घालायच्या खोलीत, सुरमईची पाटी चढत गेली. डॉक्टर तारेतून ठोके देत राहिले. सखूची बोली तिसऱ्यांदा चढली आणि पडद्यावरच्या रेघा एकदम दाट होऊन धावायला लागल्या. गंगुबाईंचा आवाज बसला. डॉक्टरांनी हवं ते पाहून घेतलं, तारेतूनच एक ठोका देऊन धडधड थांबवली, आणि जाळायला सुरुवात केली.

तेवढ्यात गंगुबाईंचे ठोके झपकन खाली आले. कपाळावर घाम, ओठ पांढरे. "बाय, तोंड बर्फात घातल्यागत वाटतंय," त्या पुटपुटल्या. तीच ती नस. तारेचा चटका आणि दुखणं यांनी जागी झाली होती. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच बजावलं होतं. त्यांनी जाळणं तत्काळ थांबवलं, मी इंजेक्शन दिलं, पाय उंच केले. मुख्य वाटेला तर धक्का लागला नाही ना, म्हणून मी पडद्यावरच्या रेघा तपासत राहिले. ठोके एकेक करत परतले. वाट शाबूत होती. डॉक्टरांनी तार किंचित खाली घेतली आणि उरलेलं काम पुरं केलं.

मग खात्रीसाठी पुन्हा तेच औषध, पुन्हा लिलाव. या खेपेला गंगुबाईंनी सखूला दर चढवायला लावून वर चार शिव्याही दिल्या. रेघा शहाण्यासारख्या चालत राहिल्या.

काही आठवड्यांनी त्या बंदरावर परतल्या. मी मुद्दाम गेले होते. सुरमईची पहिली पाटी आली. गंगुबाईंनी बोली लावली. सखू गप्प. बाकीचेही गप्प. असा चांगला माल फुकटच्या भावात गंगुबाईंच्या पदरात पडणार, असं दिसू लागलं. आधी त्या खूश झाल्या, मग त्यांच्या ध्यानात आलं. टेबलावर पडल्या होत्या तेव्हाही त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी पाहिला नव्हता.

पुकारणाऱ्याला हाताने थांबवून त्या म्हणाल्या, "सखू, माझी कीव करतेस काय गो?"

सखू खाली बघत म्हणाली, "ईशा सांगत होती, माझ्यापायी तुझी छाती उडते."

"उडत होती. आता नाय उडत. तू बोल."

सखू अजून घुटमळत होती. "बोल ना गो," गंगुबाई म्हणाल्या, आणि त्यात विनवणी होती. त्यांना विनवताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

सखू बोलली. यांनी चढवलं. तिने चढवलं. दोघी खऱ्या अर्थाने भिडल्या, आवाज चढले, खलाशी चहा विसरले. गंगुबाईंचा हात सवयीने बर्फाच्या पेटीवर गेला आणि तिथे नुसताच टेकून राहिला. शेवटी सखूचा दर इतका वर गेला की पुढे जाणं शहाणपणाचं नव्हतं. पाटी सखूला गेली.

गंगुबाई हरल्या होत्या आणि हसत होत्या. माझ्याकडे वळून त्यांनी माझी रिकामी पिशवी बघितली.

"सुरमई आज सखूकडं हाय," त्या म्हणाल्या. "जा, तिच्याकडनं घे."