वेल्कोची शिट्टी

रोडोपीच्या डोंगरात वेल्कोने चाळीस वर्षं मेंढ्या राखल्या. आता त्याच उतारावर तो स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या लिफ्टपाशी उभा असतो. "बर्फ कुठे मऊ आहे?" कुणी विचारलं की म्हणतो, "मेंढ्या दुपारी बसायच्या, त्या खळग्याकडे जा. तिथे वारा लागत नाही." लोक हसतात, पण जातात आणि ढगातून उतरल्यासारखे परत येतात.

त्या दिवशी लिफ्ट बंद करायच्या वेळी त्याने तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. धुक्यातून रंगीबेरंगी टोप्या खाली ओघळल्या.

"आले सगळे, काका," लिफ्ट चालवणारी नेदा म्हणाली.

"एक कमी आहे. ती पिवळ्या टोपीवाली चुकार पोर."

"माणसं आहेत ती, मेंढ्या नव्हेत!"

"मेंढ्या बऱ्या. शिट्टी ऐकतात."

काठी उचलून, पुन्हा शिट्टी मारत तो धुक्यात शिरला. तेवढ्यात वरून कुणीतरी शिट्टीनेच ओ दिली.