चूक टायरची की पायाची

"आधी हात लाव, मग बोल." फुसाए मावशींचं हे वाक्य खिंडीच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. डोकं कुणाचंही असो, त्या आधी केसांतून बोटं फिरवायच्या, मगच कात्री उघडायच्या. जपानमधल्या होक्काइदोच्या त्या डोंगरात म्हाताऱ्यांना घराबाहेर पडवत नसे, म्हणून मावशीच आपल्या चिमुकल्या पांढऱ्या गाडीतून केस कापायला दारोदार जात.

त्या वर्षी बर्फ पडण्याआधी दिसणारे बर्फकिडे उडाले, कापसाच्या तंतूंसारखे अंगाला चिकटू लागले. ते दिसले की गावात कुणी कॅलेंडर बघत नाही, सरळ उन्हाळी चाकं काढून हिवाळी चढवतात. पण मावशी तोकुजीच्या टायरच्या दुकानाकडे फिरकल्याच नाहीत. पहिला बर्फ पडून गेला, तेव्हा कुठे एका सकाळी आल्या, त्याही जुनेच हिवाळी टायर स्वतः चढवून.

"टायर घ्यायला नाही आले," त्या म्हणाल्या. "विचारायला आले. गेल्या हिवाळ्यात पुलावर गाडी सरकत सरकत कठड्याला टेकली. मुलगा म्हणतो, वय झालं, परवाना परत करून टाक. मला एवढंच कळू दे तोकु, चूक टायरची की पायाची?"

तोकुजी वाकला. टायरच्या खाचा चांगल्या खोल होत्या. "दिसायला तर तरणे आहेत, मावशी."

"मग! उन्हाळाभर गोधडी पांघरून ठेवते त्यांना."

"कधीचे?"

"तुझे केस काळे होते तेव्हाचे."

तोकुजी हसला. "मग नख लावून बघा."

मावशींनी नख दाबलं. ते दगडावर दाबल्यासारखं निसटलं. मांडणीवरच्या नव्या टायरवर दाबलं, तर तिथं मऊ खळगा पडला आणि हळूच भरून आला. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं, वास घेतला, गालाला लावलं.

"एवढ्या थंडीत हा मऊ राहतो कसा रे?"

"याचं रबरच तसं असतं, गारठ्यात ताठत नाही. तुमच्या टायरच्या खाचा राहिल्या, पण जीव गेला."

"दुकानदार असंच म्हणणार. मला डोळ्यांनी बघायचंय."

दुकानामागच्या आवारात ऊन कधी पोचत नसे, तिथं बर्फाची काच झाली होती. तोकुजीनं मधोमध एक झाडू रोवला. झाडूपाशी ब्रेक मारायचा, असं ठरलं. मावशींची गाडी झाडू ओलांडून थेट बर्फाच्या ढिगात शिरली. तोकुजीच्या बायकोची, सेत्सुकोची, गाडी तशीच होती, टायर तेवढे नवे. मावशी तीत बसल्या. ही गाडी थोडी कुरकुरली आणि थांबली.

"सुटलात!" तोकुजीनं टाळी वाजवली. "टायरच चोर!"

पण मावशी उतरेनात. काच खाली करून म्हणाल्या, "आता झाडू हातात घे. मनाला येईल तेव्हा वर कर, मला सांगू नकोस. तो वर गेलेला दिसला की मी ब्रेक मारीन."

तोकुजीचं हसू विरलं. त्यानं झाडू उंचावला. गाडी आली, पुढे गेली आणि मग थांबली. मावशींनी पुन्हा करायला लावलं, आणखी एकदा करायला लावलं. दर वेळी तसंच.

मावशी उतरल्या. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, अवघड गाठ सुटल्यावर माणूस जसा बघतो तशा त्या बर्फावरच्या खुणा बघत राहिल्या.

"टायर बिचारा लगेच थांबतो रे. मीच त्याला उशिरा सांगते."

"मग परवाना..."

"मुलाचं अर्धं खरं निघालं. खिंड सोडली मी. अलीकडच्या वस्त्या करीन, सूर्य असेपर्यंत आणि सावकाश. त्यासाठी कुठला घेऊ?"

"हा जास्त वर्षं टिकतो. तो बर्फ घट्ट धरतो, पण कोरड्या रस्त्यावर लवकर झिजतो."

"घट्ट धरणारा दे. माझ्यापेक्षा जास्त टिकणाऱ्या टायरचं मी काय करू?"

"आणि खिंडीपलीकडची माणसं?"

"त्यांच्याकडे बस जाते. कात्री काय जड असते का, गाडी लागायला?"

तोकुजीनं जॅक लावला. मावशींनी गाडीतली कात्रीची पिशवी काढून खांद्याला अडकवली आणि त्या बसच्या थांब्याकडे निघाल्या, पाय सपाट ठेवत, तोकडी पावलं टाकत, बर्फातली माणसं चालतात तशा. हातात पाना धरून तोकुजी बघत राहिला. सेत्सुको दारात येऊन उभी राहिली, तीही बघत राहिली.