यमुनाबाईंचं पुसलेलं कुंकू

दुर्गापुऱ्याच्या यमुनाबाई एका संस्थेत मुलींना फुकट शिवण शिकवतात. संस्थेत काम करणाऱ्या कीर्ती नावाच्या मुलीने त्यांच्या हसऱ्या फोटोवरून एआयकडून दुसराच फोटो करून घेतला आणि देणगीच्या पोस्टमध्ये टाकला. साडी फाटकी आणि कपाळ चक्क पांढरं! पोस्ट अकोल्यापर्यंत पोचली आणि नातेवाईक रडत फोन करू लागले. यजमान दशरथराव मात्र समोर चहा भुरकत होते.

कीर्ती घरी येताच यमुनाबाई कडाडल्या, “अगं, माझा नवरा धडधाकट बसलाय!”

“काकू, मतलब, लोकांना दया आली तरच देणगी येते.”

“मग तुला माझी दया नाही आली?”

तेवढ्यात फोनवर नणंदेने हंबरडा फोडला. कीर्तीने लगेच पोस्ट काढून टाकली. पण फोन कुठले थांबताहेत! दशरथराव अजून एकेकाला वैतागून सांगताहेत, “आहे रे बाबा, आहे मी.”