टर्बोचा डबा मी काढला नाही

२०१६ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो आणि पिकअपवर टाकी बांधून शहरातल्या गारखेडा भागातल्या नव्या इमारतींना पाणी पुरवत होतो. दुष्काळानं जवळच्या विहिरी आटलेल्या, पाणी लांबून, डोंगराकडून आणावं लागायचं. भरल्या टाकीनं गाडी चढाला रडायची. म्हणून गॅरेजवाल्याकडून इंजिनाला एक डबा बसवून घेतला. त्या डब्यानं टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, जास्त हवा दाबतो, गाडीला ताकद येते. मग चढ कसला न् काय!

पुढं स्टिअरिंग लई जड झालं, खालून तेल गळायला लागलं. गाडी अजून वॉरंटीत होती. ती उभी म्हणजे धंदा उभा.

गॅरेजवाला म्हणाला, "डबा दिसला तर वॉरंटी जाईल. काढून शोरूमला जा, आल्यावर परत बसवू. सगळे तेच करतात."

"करू द्या. मी काय चोरी केली?"

कारखान्यात कामाला असलेल्या माझ्या पोरानं कपाळाला हात लावला. "आबा, तुमच्या हट्टापायी गाडी घरी बसंल."

"बसू दे. माझी हाय."

डब्यासकट गेलो. शोरूमच्या साहेबानं बॉनेट उघडलं न् लगेच आपटलं.

"काका, इंजिनात छेडछाड केलीय. वॉरंटी संपली."

"इंजिनाची म्हणा. उद्या टर्बो फुटला तर तुमच्या दारात पाय ठेवणार नाय. पण स्टिअरिंगला मी हात लावला का?"

"नियम आहे, काका."

"डब्यानं स्टिअरिंग कसं गेलं तेवढं दाखवा. गुमान गाडी ओढत नेतो."

साहेबानं चहा मागवला. मी कपाला शिवलो नाही.

"मग नाय म्हणून लिहून द्या. चौथी शिकलोय, 'नाय' वाचता येतं मला."

लिहून काही दिलं नाही. गाडी तिथंच सोडून रिक्षानं घरी आलो न् पोराला तक्रार लिहायला बसवलं. तो म्हणाला, "डब्याचं गाळू या." मी म्हणालो, "पहिली ओळ तीच लिही. डबा बसवला, माझ्या मर्जीनं बसवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला न् ग्राहक मंचाच्या खिडकीवर जाऊन त्या तक्रारीखाली माझी सही ठोकली.