नामदेवकाकांची जप्ती

हसायचंच असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, नंतर मला दोष नको. मागच्या मे महिन्यात मी एका जिवंत माणसाची जप्ती मागितली. तीही लेखी, महानगरपालिकेकडे, बावीस सह्यांसकट!

मी निवृत्त हेडक्लार्क. नागपुरात, हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत कोणालाही अर्ज लिहायचा असला की "बाबूजी, तुमच्यासारखा मसुदा कोणाले जमत नाही" म्हणत माझ्याकडे येतात, आणि मी फुगतो. नोकरीत तीस वर्षं मी लोकांना एकाच गोष्टीवरून झापलं. पानावर क्रमांक टाका!

झोन ऑफिसात तक्रारी ऐकणार होते, म्हणून मी तीन अर्ज लिहिले. एक बससाठी. दुसरा शेजारच्या लग्नाच्या लॉनमधल्या डीजेविरुद्ध. तिसरा नामदेवकाकांसाठी. काका कन्हानचे म्हातारे हमाल. काम सुटल्यापासून आमच्या बसस्टॉपच्या पत्र्याखाली राहायचे, आणि मे महिन्यात तो पत्रा म्हणजे तवाच. त्यांना पालिकेच्या निवाऱ्यात जागा हवी होती. "काका, हा उन्हाळा तुम्ही पंख्याखालीच काढणार," असा शब्द मी देऊन बसलो होतो.

प्रत्येक अर्जाची दोन पानं. पहिल्यावर विषय, दुसऱ्यावर मागणी आणि सह्या. टेबलावर मांडले, आणि बायकोनं कूलर लावला. सहाही पानं घरभर! मी गोळा केली, भराभर पिना मारल्या.

"एकदा वाचून तर पाहा जी," बायको म्हणाली.

"तीस वर्षं हेच केलं वं मी! मले काय शिकवून राहिली?"

क्रमांक? घरच्या अर्जांना कशाला हवेत क्रमांक!

झोन ऑफिसचा हॉल खच्चून भरलेला. नामदेवकाका धुतलेला सदरा घालून, बोचकं मांडीवर घेऊन पुढच्याच रांगेत. अधिकारी मॅडमनी पहिला अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला.

"विषय, शहर बस. मागणी... गादी, पांघरूण आणि दोन वेळचं जेवण देण्यात यावं."

हॉल हसला.

"विषय, लॉनमधला डीजे. मागणी... दर वीस मिनिटांनी फेरी व्हावी, आणि म्हाताऱ्यांना चढायला वेळ मिळावा." मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला डीजेवर चढायचंय?"

आता तिसऱ्यात काय उरलं असेल, सांगा बरं? मी धावलो, पण मॅडमनी वाचलंच.

"विषय, श्री. नामदेव. मागणी... रात्री दहानंतर बंद करण्यात यावा. न ऐकल्यास जप्त करून पोलीस ठाण्यात जमा करावा."

कोणी हसलं नाही. काका हळूच उभे राहिले, बोचकं छातीशी धरून.

"बाबूजी, मी काय केलं जी? मले काहून जप्त करता?"

खरं सांगतो, धरणी दुभंगली असती तर मी आधी उडी मारली असती. तीस वर्षांचा मसुदेबाज मी, "कूलर... कूलर..." एवढंच म्हणत राहिलो.

पण मॅडम नागपूरच्याच. कूलर म्हटल्यावर काय समजायचं ते समजल्या. तिन्ही पिना काढल्या, पानं पत्त्यांसारखी जुळवली आणि हसू दाबत म्हणाल्या, "बसचं वर पाठवते. लॉनवाल्याला नोटीस देते. आणि काका, तुमची जागा आजपासून पक्की. हे घ्या पत्र."

माझा जीव भांड्यात पडला! काकांचे डोळे भरून आले, माझेही. मी रुमाल काढतो न काढतो, तोच मॅडमनी विचारलं, "काका, आणखी काही तक्रार?"

"आहे ना जी. आवाजाची."

"त्या लॉनची?"

"नाही जी, त्याचं काय, लग्नं संपली का थांबते थो. हे बाबूजी! रोज पहाटे पाचले गच्चीवरून बंगलोरच्या पोराले फोन करतात. फोन नसता तरी पोराले ऐकू गेलं असतं! मी निवाऱ्यात चाललो, पण बाकी गल्लीनं काहून सोसायचं?"

या वेळी हॉल असा हसला की डीजे फिका पडावा. मॅडम म्हणाल्या, "अर्ज द्या, दखल घेते."

"मले लिहिता येत नाही जी."

आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

लिहिला. स्वतःविरुद्धचा अर्ज, स्वतःच्या सुंदर अक्षरात, तिथल्या तिथे. एकच पान होतं, तरी वर ठळक क्रमांक टाकला.