न मानणाऱ्याच्या नावाने

रविवारी सकाळी भूगावहून निघालो तेव्हा स्कूटरवर माझ्या मागे रझिया बसली होती, मांडीवर तुपाचा डबा घेऊन. ती आमच्याच इमारतीत राहते, ब्लाउज शिवते. पौडच्या पुढे तिचं माहेर. तिथल्या दर्ग्याचा उरूस (पिराची वार्षिक जत्रा) होता आणि मी यायचंच, हे तिनेच ठरवून टाकलं होतं.

मी देव मानत नाही. बाबाही मानत नसत. उन्हाळ्यात ते गेले, त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान केलं. दहावा नाही, तेरावा नाही. ते योग्यच होतं. पण मग लोकांना यायला दिवसच उरला नाही. फोन आले, हळूहळू थांबले, आणि घरात मी एकटी राहिले.

पिरंगुटची गर्दी मागे पडली तसे डोंगर जवळ आले. भात कापून झालं होतं, खाचरांत बगळे उतरले होते. पुढे आम्ही चुकीच्या फाट्याला वळलो आणि एका फार्महाऊसच्या बंद गेटपाशी जाऊन थांबलो.

“दर्गा व्हय? मागं फिरा, चिंचंपासनं डावीकडं,” राखणदार म्हणाला. “जेवून जावा, सगळेच जात्यात.”

दर्ग्याच्या ओट्यावर बायका मलिदा (चपाती, गूळ, तूप कुस्करून केलेला प्रसाद) करत बसल्या होत्या. गावातल्या हिंदू बायकाही त्यांत होत्या. रझियाच्या अम्मीने एक परात माझ्याकडे सरकवली.

“तुजं कोन गेलंय? नाव सांग, फातिह्यात (मृतांसाठीच्या प्रार्थनेत) घेऊ.”

“माझे वडील. पण ते यातलं काही मानत नव्हते. मीही नाही.”

“मग हितं कशाला आलीस?” शेजारच्या हिरव्या लुगड्यातल्या बाईने सरळच विचारलं.

“माणसं हवी होती,” मी म्हणाले, आणि परातीतली चपाती कुस्करू लागले.

अम्मीने माझ्या परातीत तूप सोडलं. “त्येंना नगं हुतं तर नाव घ्यायचं न्हाई. मेल्या मानसावर जबरदस्ती कशापायी? पर सांग की, कसा हुता बाप तुजा?”

ते विज्ञान शिकवायचे, मी सांगू लागले. ग्रहण लागलं की मुद्दाम अंगणात बसून पोहे खायचे, सगळ्यांना खायला लावायचे.

“गरवार बाईलाबी?” हिरव्या लुगड्याने विचारलं.

“आईलाही. माझ्या वेळी.”

तिने माझी हनुवटी धरून तोंड इकडेतिकडे वळवलं. “नाक-कान तर जाग्यावर हायेत की!”

ओटाभर हसू पसरलं. बाबा गेल्यापासून त्यांच्याविषयी बोलताना मी पहिल्यांदाच हसले.

फातिहा सुरू झाला. मी हात उचलले नाहीत, नुसती बसले. एकामागून एक नावं येत होती. त्यांत बाबांचं नसणार हे ठाऊक होतं, तरी प्रत्येक नावाला मी कान देत होते.

मग तांदळाच्या भाकरीबरोबर मटणाचा रस्सा जेवलो आणि उन्हं कलताना निघालो.

“तुझे अब्बा असते तर अम्मीशी भांडले असते,” घाट उतरताना रझिया म्हणाली.

“खूप. आणि जेवायलाही थांबले असते.”

एवढं म्हटलं आणि मला स्कूटर कडेला घ्यावी लागली. रझिया खाली उतरून शेजारी उभी राहिली.

देव मला आजही पटत नाही. पण सुट्टीच्या सकाळी खिडकीतून पौडकडे निघालेल्या गाड्या दिसतात, तेव्हा वाटतं, त्या ओट्यावर कोणीतरी परात सरकवून मला जागा करत असेल.