दोनदा खाकरणारे बाबा

आमचे बाबा घरात यायच्या आधी त्यांचं खाकरणं घरात यायचं. एकदा नाही, दोनदा. पहिलं फाटकापाशी, दुसरं ओट्यावर. या दोन खाकरण्यांच्या मध्ये जेवढा वेळ असायचा तेवढ्यात मी पत्ते गादीखाली सारायचो, ताई कादंबरीवर इतिहासाचं पुस्तक ठेवायची आणि आई उगाचच कढईत झारा फिरवायला लागायची. मग बाबा आत यायचे आणि म्हणायचे, "हं. काय करून राहिले सगळे?"

सगळे अभ्यास करून राहिलेले असायचे. आईसुद्धा.

बाबा पांढुर्ण्याच्या शाळेत गणिताचे मास्तर. तिगावच्या वाटेवर आमची संत्र्याची लहानशी बाग होती, सव्वाशे झाडांची. बाबांना जगात दोनच गोष्टी कळायच्या, गणित आणि संत्रं. पोरं वाढवायची वेळ आली तेव्हा गणित कामी येईना, म्हणून त्यांनी संत्रं लावलं.

आता ज्यांच्याकडे संत्र्याची बाग नाही त्यांना सांगतो. मृगाचा बहार घ्यायचा असेल तर भर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड बिचारं विहिरीकडे पाहत उभं राहतं. याला ताण देणं म्हणतात. मग ताण तोडला, पाणी दिलं, की झाड घाबरून फुलावर येतं. बाबांचं म्हणणं, "पाणी तं कोणीही देते. पाणी न देणं हे खरं काम आहे."

ताई आणि मी, दोघं नागपूरला शिकायला. ती बी.ए.चं दुसरं वर्ष आटोपून आलेली, मी बी.एस्सी.चं पहिलं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही पॅसेंजरनं पांढुर्ण्याला उतरायचो आणि त्याच दिवसापासून आमचा ताण सुरू व्हायचा. मोठी अडचण अशी की बाबांनाही तेव्हाच सुट्टी. वर्षभर चारशे पोरांवर वाटून जाणारे मास्तर दोन महिने आम्हा दोघांवर पडायचे.

सकाळी पाच वाजता अंगणातली खाट उभी व्हायची. खाटेवर मी असलो तरी. "उठा साहेब, विद्यापीठ उघडलं." मग हजेरी. शाळेच्या जुन्या हजेरीबुकाची मागची पानं कोरी होती, त्यात बाबांनी आमची दोघांची नावं लिहिली होती. ताई तोंड धुऊन, वेणी घालून "हजर" म्हणायची. मी टॉवेल गुंडाळून धावत यायचो तोवर माझ्या नावापुढे 'गै' पडलेला असायचा.

"बाबा, मी तुमच्या समोर तं उभा आहे!"

"आता आहे. पाचले नव्हता."

सिनेमा बंद. दुपारची झोप बंद. बसस्टँडवरचा उसाचा रस बंद. माझे केस तेव्हा कानावर यायचे, त्यांच्यासाठी बाबांनी न्हावीच घरी बोलावला. मी म्हटलं, "बाबा, कॉलेजात सगळे असेच ठेवतात." बाबा न्हाव्याला म्हणाले, "फांदी लय वाढली की फळ लागत नाही. छाट." त्यानं असं छाटलं की पंधरा दिवस मी टोपी घालून फिरत होतो.

या सगळ्याचा सूड मी एकाच रीतीनं घ्यायचो. बाबा बागेत गेले की मी त्यांचं उपरणं खांद्यावर टाकायचो, पोट पुढे काढायचो, दोनदा खाकरायचो आणि आईला विचारायचो, "हं. काय करून राहिले सगळे?" आई हातातलं लाटणं उगारायची आणि हसत हसत खाली बसायची. एकदा तर मी ओट्यावरून खाकरलो तेव्हा ताईनं खरोखरच कादंबरी पिठाच्या डब्यात टाकली. होस्टेलमध्ये तर हा माझा हुकमी खेळ होता. अर्ध्या नागपूरला बाबा पाठ झाले होते, बाबांना पत्ता नव्हता.

त्या उन्हाळ्यात मात्र ताई हसेनाशी झाली.

सौसरहून तिच्यासाठी स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, स्वभावानं गरीब, ताईलाही तसा नापसंत नव्हता. त्याचे वडील गुलाबराव, दोनशे झाडांच्या बागेचे मालक. त्यांची एकच अट. लग्न ज्येष्ठात, आणि पोरीनं शेवटच्या वर्षाला नागपूरला जायचं नाही. इकडे ताईचा शेवटच्या वर्षाचा फॉर्म देवाच्या फळीवर ठेवलेला. त्यावर बाबांची सही पाहिजे होती. रोज सकाळी हजेरी झाली की ताई विचारायची, "बाबा, फॉर्मवर सही?" आणि बाबा म्हणायचे, "विचार करून राहिलो."

पंधरा दिवस ते विचार करून राहिले होते. असं स्थळ परत येईल की नाही हा एक विचार. पोरगी वर्गात पहिली येते हा दुसरा. दोन्ही बाजू सारख्या, गणित सुटेना. ताईनं एक दिवस आपली पुस्तकं पेटीत भरली आणि पेटी माळ्यावर ठेवायला मला हाक मारली. तेव्हा आई बाबांना म्हणाली, "मागच्या साली नाल्याकाठची नऊ झाडं ताण देता देता वाळवली तुम्ही. ते तं झाडं होते."

बाबा उठले. सायकल काढून बागेत निघून गेले.

त्याच दुपारी समोरच्या शेठजींनी दुकानातून आवाज दिला, "मास्तर! सौसरचा फोन!"

आमच्या गल्लीत फोन एकच, शेठजींचा. काळा, आणि तबकडीला कुलूप. मी धावत गेलो ते सांगायला की बाबा घरी नाहीत. देवाशप्पथ, एवढंच सांगायला. पण तोंडात चिवडा होता आणि धावल्यानं तो घशात गेला. रिसीव्हर कानाला लावला आणि मी खाकरलो. दोनदा.

"नमस्कार मास्तर!" पलीकडून गुलाबराव. "खाकरण्यावरूनच ओळखलं! मंग काय ठरलं? ज्येष्ठात उरकून टाकू. आणि पोरीचं ते कॉलेज आता पुरे. एक वर्ष राहिलं तं राहिलं. आमच्या घरी सर्टिफिकेट कोणाले दाखवायचं आहे?"

मी सांगायला पाहिजे होतं की मी बाबा नाही. पण मला ती माळ्यावरची पेटी दिसली. माझं पोट आपोआप पुढे आलं.

"गुलाबराव," मी म्हणालो, म्हणजे बाबा म्हणाले, "तुमचा आंबिया बहार आहे ना, हिवाळ्यात फुललेला?"

"आहे ना. यंदा फळ मस्त धरलं."

"फळ लिंबाएवढं झाल्यावर पाणी तोडता तुम्ही?"

"कसा तोडीन मास्तर? सगळं फळ गळून जाईन."

"मंग माझ्या पोरीचं शेवटचं पाणी काहून तोडून राहिले? ताण द्यायचा टाइम वेगळा असते गुलाबराव. दोन वर्षं झाली, फळ धरलं आहे. एक वर्ष थांबा. आणि थांबणं होत नसन, तं दुसरं झाड पाहा."

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर शेठजी गादीवर बसून धोतराचा सोगा तोंडात कोंबत होते. त्यांना हसू येत होतं की भीती वाटत होती, ते त्यांनाच माहीत. म्हणाले, "भैया, मैंने कुछ सुना नहीं."

पुढचे तीन दिवस मी इतका शहाण्यासारखा वागलो की आईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. पाचच्या हजेरीला मी पावणेपाचला हजर. बाबांना वाटलं, ताण बसला.

चौथ्या दिवशी सकाळच्या बसनं गुलाबराव स्वतःच आले. काळी छत्री, चेहरा लाल. मी त्यांना फाटकातूनच पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या दारामागे गेलो. पांढुर्ण्याहून इटारसीकडे पॅसेंजर किती वाजता असते याचा हिशेब करत उभा राहिलो. ताईनं पन्हं नेऊन दिलं. समोर शेठजी गिऱ्हाईक सोडून दुकानाच्या पायरीवर आले.

"मास्तर," गुलाबराव म्हणाले, "फोनवर तुम्ही मले लय बोलले."

"फोनवर?" बाबा म्हणाले. "मी?"

आणि दारामागे भीतीनं माझा घसा कोरडा पडला. मी तोंड दाबलं, श्वास धरला, पण आलं ते आलंच. मी खाकरलो. दोनदा.

 बाबांनी हळूच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. स्वतःचं खाकरणं आतून ऐकू आल्यावर माणसाला काय वाटत असेल, मला सांगता येत नाही. फटीतून मला त्यांचा फक्त एक डोळा दिसत होता, आणि त्या डोळ्याला सगळं समजलं होतं.

"हां," बाबा म्हणाले. "तो फोन. काय बोललो होतो मी?"

"विसरले?"

"मास्तर माणूस आहे. धडा दुसऱ्याकडून म्हणवून घेतो. म्हणा."

गुलाबरावांनी सगळं म्हणून दाखवलं. लिंबाएवढं फळ, शेवटचं पाणी, ताणाचा टाइम. बाबा डोळे मिटून ऐकत होते, जसे ते वर्गात एखाद्याचा पाढा ऐकायचे. शेवटी गुलाबराव म्हणाले, "आणि वरून म्हणता, दुसरं झाड पाहा!"

"असं म्हणालो?"

"शब्दनशब्द."

बाबांनी डोळे उघडले. ओट्याकडे पाहिलं. तिथे ताई बाबांचा रिकामा पेला घेऊन उभी होती, हलत नव्हती.

"मंग बरोबरच बोललो मी," बाबा म्हणाले. "झाडाचं मागे घेतो. बाकीचं कायम."

गुलाबरावांनी उरलेलं पन्हं संपवलं. पेला खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. म्हणाले, "तीन दिवस बागेत जाऊन राहिलो मास्तर. पाणी सोडलं की तुमचाच आवाज येते, शेवटचं पाणी काहून तोडून राहिले म्हणून. पोराले विचारलं, तं तो म्हणते थांबतो. आता मी एकटाच कशाले घाई करू? एक वर्ष थांबतो. पण मास्तर, फोनवर असं नका बोलत जाऊ कोणाले. माणूस जेवत नाही मंग."

ते बसस्टँडकडे गेले आणि बाबांनी हाक मारली, "साहेब! बाहेर या."

मी आलो. आई आणि ताई माझ्या मागे, मला वाचवायला की पाहायला, माहीत नाही.

"करून दाखवा."

"काय बाबा?"

"मले."

मी आयुष्यात खूप नकला केल्या, पण ज्याची नक्कल त्याच्याच समोर, त्याच्याच उपरण्याशिवाय, असा प्रयोग तो एकच.  मी पोट पुढे काढलं, खाकरलो, फोन पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. आई पदर तोंडात धरून भिंतीकडे वळली. बाबा गंभीर. पेपर तपासायला बसल्यासारखे.

"खाकरणं बरोबर," ते म्हणाले. "पोट जास्त. 'दुसरं झाड पाहा' चूक, मी पोरीच्या सासऱ्याले असा बोलणार नाही. आणि मुख्य म्हणजे मी एवढा लांब बोलत नाही." मग आपण लांब का बोलत नाही, हे त्यांनी आम्हाला अर्धा तास उभं करून समजावून सांगितलं.

त्यांची नक्कल मी अजूनही करतो. आता फक्त चुका काढणारं कोणी राहिलं नाही.

अर्धा तास झाल्यावर बाबांनी देवाच्या फळीवरून फॉर्म काढला आणि सही केली. मग हजेरीबुक मागितलं. मला वाटलं, आता उरलेल्या सगळ्या सुट्टीभर 'गै'. पण त्यांनी आमच्या दोघांच्या खाली तिसरं नाव लिहिलं, स्वतःचं. बोट फिरवत फिरवत फोनच्या तारखेवर आले आणि तिथे आपल्या नावापुढे नीट, वळणदार 'ह' काढला. हजर.

"माळ्यावरची पेटी काढ," मला म्हणाले, आणि बागेत जाऊन त्यांनी त्या वर्षी ताण आठ दिवस आधीच तोडला.

ताई शेवटच्या वर्षाला गेली, पहिल्या वर्गात पास झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. त्याच घरी, त्याच बँकवाल्याशी. पाठवणीला जीप फाटकाशी लागली. ताई आईच्या गळ्यात पडून रडली, माझ्या डोक्यात टपली मारून रडली, आणि मग बाबांपुढे उभी राहिली. आता मुलीच्या बापानं व्याह्यांना दोन शब्द बोलायचे असतात. सगळे थांबले. शेठजीही दुकान बंद करून आले होते.

बाबा खाकरले. दोनदा. पण पुढे काही येईना. तोंड उघडायचे, मिटायचे. चारशे पोरांना गप्प बसवणारा आवाज कुठे गेला कोणास ठाऊक. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मान थोडी हलवली. बस, एवढंच.

मी पुढे झालो. पोट काढलं नाही. खाकरायचं काम त्यांनी करून ठेवलंच होतं.

"गुलाबराव," मी बाबांच्या आवाजात म्हणालो, "पोरगी तुमच्या हवाली केली. तिले ताण देऊ नका. तो आम्ही भरपूर दिला आहे. आता फक्त पाणी द्या."

मांडवात कोणी हसलं, कोणी डोळे पुसले. ताई दोन्ही करत होती. गुलाबराव मात्र नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मग बाबांकडे. मग परत माझ्याकडे. त्यांच्या कपाळावर हळूहळू एक एक आठी चढत गेली.

"मास्तर," ते म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी फोनवर..."

आणि इतका वेळ हरवलेला बाबांचा आवाज एकदम, खणखणीत, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा परत आला.

"मीच होतो!"